मुळाच्या टोकाचं सिमेंट

१२ जाने. १९८९, परभणी
प्रबंध द्यायला अडीच महिने. काल डेंटल कॉलेजात माझे गाईड सर सगळ्यांदेखत म्हणाले, "दाताच्या मुळाच्या टोकाला चांदीच भरतात. तुझं सिमेंट दाताला धरतं हे मोजून दाखव, नाहीतर विषय बदल." मोजू कशावर? तिथलं जोर मोजायचं यंत्र बंद. सकाळच्या गाडीने घरी आले. बरणीत काढलेले चाळीस दात. आई म्हणाली, स्वयंपाकघरात ठेवायची नाही.
(इथून पुढे चां. = चांदीचं मिश्रण, सि. = नवं सिमेंट. लिहायचा कंटाळा.)

१६ जाने.
शेतकी कॉलेजच्या कार्यशाळेत गेले. तिथे नांगराचं लाकूड दाबून तपासतात. मेकॅनिक शिंदेमामांनी दाताच्या मुळाची आडवी कापलेली चकती तळहातावर घेतली. "एवढुशी? हिच्यात काय दाबायचं ताई?" सांगितलं: मधल्या भोकात भराव आहे, तो खाली ढकलायचा, किती जोर लागतो ते बघायचं. जरा विचार करून म्हणाले, "मंग दाभण लागंल."

२३ जाने.
मामांनी दाभणाचं टोक घासून सपाट केलं. तरी तीन चकत्या तडकल्या. बाहेर जाऊन रडले. परत आले तर मामा लोखंड कापत होते. "दात चांगले हायत. बैठक तिरकी हाय. नवी करायलोय."

२ फेब्रु.
जमलं!! चां. : काटा हलला न हलला तोच भराव टपकन खाली. सि. : काटा चढतोय, चढतोय... मामा ओरडले, "आवं, हे थांबंना की!" शेवटी फुटलं. भिंगाखाली बघितलं. सि. मधूनच फुटलंय, दाताला लागलेला थर जागच्या जागी. सुटलं नाही, फुटलं! दोन चकत्यांत मात्र सुटलं. भरताना ओल राहिली होती. तेही लिहायचं.

२० फेब्रु., कॉलेज
सरांनी तीनदा भिंग लावलं. "आता ओल्या चकत्यांवर कर. तोंड काय कोरडं असतं?" राग आला. पण बरोबर आहे त्यांचं.

८ मार्च, कॉलेज
मधे पुन्हा परभणी, पुन्हा मामा, सगळं ओलं करून. सि. कमी पडलं, तरी चां.च्या पुष्कळ वर. आज सरांची सही झाली! चुकलो वगैरे काही म्हणाले नाहीत, पण वर्गात चकती फिरवली. "हिने मोजलंय." घरी ट्रंक कॉल लावला. आईने फोन आबांना दिला. जन्मभर मास्तर ते, सगळे आकडे विचारून घेतले. मग म्हणाले, "स्पेलिंगा तपासल्यास का?" आणि जयभीम म्हणून फोन ठेवला.

१९ एप्रिल, परभणी
शिंदेमामांच्या पुढच्या दाताच्या मुळाशी पू. दोनदा उपचार होऊनही हिरडी फुगते. शस्त्रक्रिया करू म्हटलं, पण भराव चां.चाच.
"का बरं?"
"मामा, चकतीत रक्त नव्हतं. तुमच्या तोंडात आहे."
"मशीनवर मी सोता बघितलंय. तेच भरा."
ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात केलं. हिरडी उचलली, टोक कापलं, कापूस दाबून दाबून कोरडं केलं, सि. भरलं.

२२ जुलै
मामांच्या दाताचा एक्स-रे. सूज नाही, पू नाही, मामा खूश. मुळाशी काळी सावली, म्हणजे झिजलेलं हाड, अजून आहे. एका बाजूने आकसल्यासारखी वाटते, म्हटलं.
"वाटती का हाय?" मामांनी विचारलं.
"सहा महिन्यांनी सांगते."
"मंग सहा महिन्यांनी येतो," म्हणाले, आणि सायकलवर टांग टाकली.