एकसष्ट पेनं आणि पान दोन

४ फेब्रुवारी, सकाळी ६.४०
आजपासून रोजनिशी. ही कोणी वाचायची नाही. वाचली तर वाचणाऱ्याची खैर नाही.
निमित्त: म्हाताऱ्याचं कार्ड. म्हातारा म्हणजे पेन बनवणारा. चाळीस वर्षं लेथवर एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, पेनं कातली. माझ्या एकसष्ट पेनांतली नऊ त्याचीच. आता हात कापतो म्हणे, महिनाअखेरीला लेथ बंद. शेवटची बारा पेनं करणार, त्यातलं एक माझं. अट एकच. सध्या सगळ्यात आवडतं पेन घ्यायचं, त्याने आपण रोज लिहितो तसं एक पान लिहायचं आणि पाठवायचं. ते अक्षर बघून तो निब घासणार. पान वीस तारखेच्या आत पोचलं पाहिजे, नाहीतर पेन दुसऱ्याला.
एक पान! मी व्हॉल्व्हच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलचा सुपरवायझर आहे. दिवसाला चारशे व्हॉल्व्ह तपासतो. एक पान म्हणजे हातचा मळ.
संकल्प: आज पेन निवडणे. उद्या पान. परवा पोस्ट.
(ही रोजनिशी तात्पुरती बॉलपेनने. पेनं टेस्टिंगला आहेत.)

४ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.१५
निवड सुरू. नियम: फक्त भारतीय बनावटीची. आज आमच्या स्टोअरकीपरने परदेशी पेन आणून नाकासमोर नाचवलं. मी हातसुद्धा लावला नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. निब जरा बरी वाटली, पण ते लांबून.
फायनलला चौघं: काळू (काळा, एबोनाइट), पैलवान (लठ्ठ, ड्रॉपरने शाई भरायचा, अर्धी दौत पितो), पोपट (हिरवा), चहा (तपकिरी ठिपक्यांचा). बाकी सत्तावन्न रिजेक्ट. त्यांच्यावरही माझं प्रेम आहे, पण कामाच्या वेळी प्रेम नको.
टेबल अरुंद आहे. ही शेजारी बसून वडिलांना पत्र लिहीत असते आणि तिचं कोपर सारखं माझ्या कोपराला लागतं. सव्वीस वर्षं लागतंय. सुताराला रुंद टेबलाची ऑर्डर देणे.

६ फेब्रुवारी
पैलवान बाद. नावातलं दुसरं अक्षर काढताना भदकन शाई ओकला. कागद, शर्ट, टेबलक्लॉथ. हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि शाई बाहेर येते, हे मला माहीत आहे, कोणी सांगायची गरज नाही. तरी हिने सांगितलंच. वर पुटपुटली की हातच गरम असतो की डोकंही.
काळूची निब खरखरते. पोपट तीन शब्दांनंतर कोरडा. चहाचं टोपण घट्ट बसत नाही. ह्या देशी लोकांना काही बनवता येईल तर शपथ! (म्हाताऱ्याची नऊ सोडून. काळू म्हाताऱ्याचाच आहे, पण तो अपवाद.)

९ फेब्रुवारी
काळूच. निर्णय झाला. निब चार वेळा धुतली. पान लिहून पाठवलं. मजकूर: माझं नाव अकरा वेळा, सही सात वेळा, अ ते ज्ञ, तारीख, आणि ‘हे पेन उत्तम चालते’. पान भरलं. बघा म्हणावं.
संकल्प पुरा. तीन दिवस उशीर झाला तो पोपटामुळे.

१३ फेब्रुवारी
पान परत! सोबत चिठ्ठी. हे लिहिणं नव्हे, ही पेनाची परीक्षा आहे, असं लिहिलंय. परीक्षेत सगळ्यांचंच अक्षर ताठ असतं. रोजचं साधं पान पाठवा. पत्र, टिपण, हिशोब, काहीही, पण कोणासाठी तरी लिहिलेलं.
मी गिऱ्हाईक आहे! मला रिजेक्ट! उद्या कारखान्यात कोणी मला व्हॉल्व्ह परत पाठवून म्हणेल का, की हा व्हॉल्व्ह मनापासून केलेला नाही?
जेवलो नाही. म्हणजे उशिरा जेवलो.

१४ फेब्रुवारी, संध्याकाळी
पान लिहायला बसलो. पहिला शब्द: ‘आज’. त्यापुढे काही आलं नाही. कागद वाईट आहे. बदलला. ‘आज’. शाई फिकी. बदलली. ‘आज’. ह्या वेळी अक्षर झकास आलं. तिथेच थांबलो, बिघडायला नको.

१६ फेब्रुवारी
माणसाला कोणासाठी लिहायचं असेल तर आधी कोणीतरी लागतं ना? मित्रांना मेसेज जातात. ऑफिसात कॉम्प्युटर. माझ्यावर ही वेळ जगाने आणली. आणि नेमकी हिची मात्र चंगळ. माझ्या सासऱ्यांना ऐकू येत नाही, फोनचा उपयोग नाही, म्हणून ही आठवड्यातून दोन पत्रं लिहिते. तीन-तीन पानं! कशाने? मी नऊ वर्षांपूर्वी रिजेक्ट करून स्वयंपाकघरातल्या खणात टाकलेल्या प्लास्टिकच्या शाळकरी पेनाने. क्लिप तुटलेली. ते कधी ओकत नाही, सुकत नाही, अडत नाही. संताप येतो नुसता.

१७ फेब्रुवारी, सकाळी ७.०५
प्रश्न सुटला.
हिचं पत्र टेबलावर उघड्या पाकिटात होतं. मधलं पान काढून घेतलं. वरचा २ हा आकडा कात्रीने सफाईने उडवला. पाकीट चिकटवून मीच पेटीत टाकतो म्हणालो. ही चकित झाली, मग खूशही झाली. एक आनंद दिला, तो वेगळाच.
ह्यात खोटं काही नाही. म्हाताऱ्याला रोजचं पान हवं, हे रोजचं पान. घर एक, टेबल एक, शाईसुद्धा माझ्याच दौतीतली. पान वाचलं नाही. दुसऱ्याची पत्रं वाचणं माझ्या स्वभावात नाही. फक्त अक्षर तपासलं: टपोरं. कागद मात्र सदोष, ओळींवरून शाई थोडी पुसटलीय. पास.
दुपारी पोस्ट करणार.

२१ फेब्रुवारी
म्हाताऱ्याचं कार्ड. पान मिळालं, उत्तम आहे, निब लगेच करतो. उत्तम! मला माहीतच होतं की माझं अक्षर उत्तम आहे.

२४ फेब्रुवारी
सासऱ्यांचं उत्तर आलं. हे गृहस्थ आयुष्यभर छापखान्यात प्रुफं तपासत होते. मेली खोडच ती. लिहितात: पान एक आणि पान तीन मिळालं. पान दोन नाही. एकच्या शेवटी ‘ह्यांचं म्हणाल तर’ असं आहे आणि तीनची सुरुवात ‘पण मनाने वाईट नाहीत’ अशी आहे. मध्ये काय ते कळवावे. काळजी लागून राहिली आहे.
ही सगळं घर शोधते आहे. पाकिटात आपण स्वतः तिन्ही पानं घातली होती, म्हणते. मला विचारलं. मी म्हणालो पोस्टाचा कारभार हल्ली गाढवाचा झालाय. चांगला दहा मिनिटं पोस्टावर ओरडलो. ओरडताना मलाही पटत गेलं.

२५ फेब्रुवारी
ह्यांचं म्हणाल तर काय?
अख्खं एक पान! ‘मनाने वाईट नाहीत’ म्हणजे बाकी सगळ्याने वाईट? एका परक्या माणसाच्या टेबलावर माझी अख्खी कुंडली पडलीय, आणि ती मी स्वतः तिकीट लावून पाठवली. वाचायला काय झालं होतं मला? तत्त्वं माणसाला बुडवतात.
कारखान्यात आज सत्तर व्हॉल्व्ह रिजेक्ट केले. स्टोअरकीपर म्हणाला की त्यातले साठ चांगले होते. त्याच्यावरही ओरडलो.

२७ फेब्रुवारी
म्हाताऱ्याला पत्र लिहून पान परत मागवायचं ठरवलं. चहा घेतला, म्हणजे पेन. ‘आज’ लिहिलं. टोपण उडून टेबलाखाली गेलं. उद्या.
हिला विचारलं, सहज, की तू पत्रात साधारण काय लिहितेस. म्हणाली, जे होतं ते. मी म्हणालो, पान दोन पुन्हा लिहून का पाठवत नाहीस? तर म्हणाली, एकदा लिहायला धीर गोळा केला होता, पुन्हा नाही जमणार. एवढं बोलून उठून गेली.
टेबलाखाली वाकून टोपण शोधलं.

५ मार्च, दुपारी ३.३०
पहिल्या पाळीवरून आलो तर टेबलावर पार्सल फोडलेलं. ही समोर बसलेली. पेन, चिठ्ठी आणि पान दोन, ओळीने मांडलेलं.
तिने एकच विचारलं, पान कधी काढलंत. मी पॅकिंग किती निष्काळजी आहे त्यावर बोलायला लागलो. तिने तेच पुन्हा विचारलं. सतराला सकाळी, म्हणालो. ती मान हलवून आत गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं. घरात ओरडण्याचं खातं माझ्याकडे आहे.
म्हाताऱ्याची चिठ्ठी जशीच्या तशी उतरवून ठेवतो:
‘आकडा कापला तरी मधलं पान कळतं. शिरोरेघा उजवीकडून डावीकडे ओढल्या आहेत, आणि ओली शाई तळव्याने पुसली आहे. म्हणजे बाई डावखुऱ्या. निब डाव्या हातासाठी घासली आहे. बायकोने नवऱ्याबद्दल लिहिलेलं पान पाठवून तिच्यासाठी पेन करून घेणारं गिऱ्हाईक चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं. मोठ्या मनाचे आहात. लेथ काल बंद केला. पान ज्याचं त्याला पोचवा.’
डावखुरी.
सव्वीस वर्षं कोपर लागतंय.
पेनाने माझं नाव लिहून पाहिलं. निब कागद ओरबाडते, शाई सोडत नाही. असं सुंदर पेन मी आजवर हातात धरलेलं नाही.

५ मार्च, संध्याकाळी ६
बाथरूमला कडी लावून पान दोन वाचलं. उभ्याने.
लिहिलंय: ‘पेनं एकसष्ट झाली. कामावरून आले की धुतात, भरतात, कागदावर आपलं नाव लिहितात आणि चिडतात. आधी मला वाटायचं पेनांवर चिडतात. आता वाटतं, एखादं पेन चांगलं निघालं तर त्याने लिहायचं काय, ह्याची त्यांना भीती वाटते. म्हणून प्रत्येकात खोट काढतात. बाबा, माझ्यातही काढतात, पण ते मी मनावर घेत नाही. एवढंच वाटतं, की कधीतरी दोन ओळी मला लिहाव्यात. चिठ्ठी चालेल. दूध आण, एवढी चालेल. मी टेबलावर शेजारीच असते, म्हणून कदाचित सुचत नसेल.’
फार वाईट वाटलं. लाज वाटली. मग लाज वाटली म्हणून राग आला. कोणावर काढायचा ते कळेना, बाहेर कोणीच नव्हतं. नळ सोडून बसलो.

६ मार्च
हिने पान दोन नव्या पाकिटात घालून वडिलांना पाठवलं. ह्या वेळी स्वतः जाऊन पेटीत टाकलं. सोबत काय लिहिलं ते विचारायची माझी छाती झाली नाही.
संकल्प: हिला चिठ्ठी लिहिणे. दोन ओळी. काळूने.

७ मार्च
काळूची निब वाकडी. पोपट कोरडा. उद्या नक्की.

८ मार्च
टेबलाशी खुर्च्यांची अदलाबदल केली. कोपर लागत नाही. सुताराला नको म्हणून सांगितलं, तर चिडला, फळ्या कापून झाल्या म्हणतो. मी उलट ओरडलो नाही. नोंद घ्यावी. पण कोण घेणार?

९ मार्च, सकाळी ९, रविवार
चिठ्ठीला साधं पेन शोभणार नाही. म्हाताऱ्याचं नवंच हवं. ते डाव्या हातानेच चालतं, तर डावा हात शिकायचा. माणूस मनात आणेल तर काय नाही शिकत? ही भाजी आणायला गेली तेव्हा सुरुवात केली. पाऊण तासात एक ओळ उमटली. वेडीवाकडी, पण शाई अखंड, एकदाही अडली नाही. बघितलं तर माझंच नाव.
ही कधी परत आली ते कळलं नाही. पिशवी खाली ठेवून कागदाकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, तुमचं झालं असेल तर पेन द्या, बाबांना पत्र लिहायचंय.
दिलं.