निर्मनुष्य वर्गातली त्रेचाळीस मुलं

वरची सुरिनाम नदी
३ मार्च १९७२

चि. एलियाझरला ताईचे आशीर्वाद.

तुझं भूगोलाचं पुस्तक शाळेत आलं. वर तुझं नाव पाहून फुगले. नवव्या पानावर हवा गेली. किनारपट्टी सोडली तर उरलेला देश निर्मनुष्य जंगल आहे, असं लिहिलंयस. मी वर्गात मोजले, त्रेचाळीस निर्मनुष्य निघाले. दोघांना सर्दी आहे. चौदाव्या पानावर धरणाच्या तलावाची शोभा. त्याखाली म्हणे पडीक जमीन होती. त्या पडीक जमिनीवर आपलं गाव होतं, राजा. आठ वर्षांत विसरलास? अफीबा नावाच्या पोरीने विचारलं, “बाई, मग आपण कुठे राहतो?” लेखकाला विचारून सांगते म्हटलं.

उत्तराची वाट पाहणारी,
लिओन्तिना

पारामारिबो
१९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

किती बोलशील! जुन्या डच पुस्तकात ‘रानटी टोळ्या’ होतं, ते मीच काढलं. आपल्या गावांवर परिच्छेदही लिहिला होता, आमच्या शिक्षण खात्यातल्या साहेबांनी खोडला. भूगोल हवा, रडगाणं नको, म्हणाले. भांडलो असतो, पण हर्मिनाला सातवा महिना आहे. पुढच्या आवृत्तीत बघतो. सोबत लोण्याचा डबा.

लोभ असू दे, टोमणे जरा कमी.
एलियाझर

३० एप्रिल

चि. एलियाझर, अ. आ.

लोणी छान होतं. रानटी होतो तेव्हा निदान होतो तरी! मुलांनी म्हाताऱ्यांना विचारून बुडालेल्या गावांची नावं लिहिली आणि चौदाव्या पानावर चिकटवली. तपासनीस आले. पुस्तकं खराब केली म्हणून मला कामावरून काढलं. तू माझा भाऊ हे मी सांगितलं नाही; हर्मिनाला जप. वर्ग आता नदीकाठी भरतो. सरकारी नकाशात तिथे कुणीच नाही, त्यामुळे हरकत घ्यायलाही कुणी येत नाही.

तुझी बिनकामाची ताई

११ जून

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र साहेबांच्या टेबलावर ठेवलं. ही बाई कोण, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “माझी सख्खी बहीण. आणि मीही त्याच बुडालेल्या गावचा.” इतक्या वर्षांत हे कचेरीत पहिल्यांदा बोललो. आता मला पुस्तकांच्या कोठारात बसवलंय. न वाटलेल्या प्रती इथेच आहेत. हर्मिना खळ करून देते, मी चौदाव्या पानावर गावांच्या नावांच्या चिठ्ठ्या डकवतो. सगळी नावं कळव. मला सहाच आठवली.

मुलगी झाली. तिला घेऊन येऊ, तेव्हा आईची कबर पाण्यात नेमकी कुठे ते होडीतून दाखव. मला जागा आठवत नाही, हे लिहायला एवढे दिवस लागले.

तुझा,
एलियाझर