बंद नंबराची घंटी

३ मार्च
ही जाऊन सात महिने झाले. चाळीस वर्षं दुकानात टेलिफोन दुरुस्त केले. रिसीव्हर कानाला लावला की कळायचं, दोष वायरमध्ये की माणसात. आमच्या बिल्डिंगमधले शिकलेसवरलेले लोक ऑनलाइन फसतात. आपण फसायचं नाही. कान उघडे ठेवायचे.

५ मार्च, दुपारी तीन
हॉलमधला जुना डायलचा फोन आपोआप किणकिणला. घरात मी आणि सासूबाई. त्या मागच्या खोलीत झोपलेल्या. वारा असेल.

६ मार्च, तीन
पुन्हा. एका लाइनवर दोन फोन असले की एकाची तबकडी फिरवताना दुसऱ्याची घंटी बारीक वाजते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. दुसरा फोन सासूबाईंच्या उशाशी. पण त्या दुपारी गाढ झोपतात. म्हणजे बाहेर कुणीतरी लाइन जोडलीय. ठोके मोजून आकडे लिहिले.
हिचा मोबाइल नंबर निघाला.
भर दुपारी दिवा लावून बसलो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. दिवा डोळ्यांसाठी.

९ मार्च
धागा सापडला. माझ्या खात्यातून दरमहा हिच्या नंबरचा रिचार्ज होतोय. गेलेल्या माणसाचा. टोळीच. लेकीला फोन केला. म्हणाली, बाबा, ते मी लावलंय, तुम्हाला विचारून. तुम्ही हो हो म्हणालात. मी असं काही ऐकलेलं नाही, आणि माझ्या कानातून काही सुटत नाही. शिवाय तिचा आवाज कापत होता. हल्ली आवाजाची हुबेहूब नक्कल करतात. ठेवून दिला. तिनं चारदा परत केला, उचलला नाही.

१० मार्च
बँकेत तक्रार. तिथली मुलगी म्हणाली, काका, हे तुमच्याच ओटीपीनं सुरू झालंय. म्हटलं, बाळ, चोर स्वतःचा ओटीपी घेऊन येतो का? तिनं फॉर्म पुढे केला. रिचार्ज बंद. लगेच मोबाइल कंपनीत मृत्यूचा दाखला दाखवून नंबरही कायमचा बंद केला. दुखणं मुळापासून काढलेलं बरं.

१२ मार्च, तीन
घंटी थांबली नाही. शून्य आणि दहा आकडे, जरा शांतता, पुन्हा तेच. शेवटी मागच्या खोलीत गेलो. सासूबाई पलंगावर बसून तबकडी फिरवत होत्या. म्हणाल्या, जावईबापू, आज ती लागेना हो. रोज लागते. म्हणते, मी जरा कामात आहे, काय असेल ते सांगून ठेवा. मग मी सांगते थोडं. तुमच्या लेकीनं दाखवलंय.
हिचा व्हॉइसमेल, हिनंच कधीतरी रेकॉर्ड करून ठेवलेला. सात महिन्यांत तो ऐकायचं मला एकदाही सुचलं नाही.
म्हटलं, लाइनचा दोष. माझ्या हातून फोन कधी मुका परत गेलेला नाही. परवापर्यंत करतो.

१४ मार्च
कंपनीत तीन तास. नंबर गेला, त्यावरचा आवाजही पुसला गेला. परत येत नाही म्हणे. साहेबाच्याही साहेबाला भेटलो.
घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, पार्ट मागवलाय, आठवडा लागेल. अगदी दुकानातल्या खणखणीत आवाजात.
त्यांनी रिसीव्हर हळूच जागेवर ठेवला. म्हणाल्या, आवाज खोटा येतोय तुमचा.
मी उठलो तेव्हा म्हणाल्या, फोन मात्र काढू नका इथला. मी फिरवत जाईन. नंबर विसरायला नको.