सकाळचा चहा

प्रिय गुंड्या,

मी वृद्धांच्या देखभालीचा ऑनलाइन अभ्यास सुरू केला, तेव्हा तू म्हणालास, "ताई, म्हातारपण शिकायला फी कशाला भरतेस? थोडी थांब, फुकटात येईल." मी पोट धरून हसले होते. शाळेतली नोकरी संपल्यावर पुन्हा विद्यार्थिनी होण्यात गंमत वाटत होती. परीक्षा पास झाले की माझ्या घराजवळच्या वृद्धसेवा केंद्रात काम मिळेल, एवढीच आशा. पण या अभ्यासानं माझी नजरच बदलली बघ.

म्हातारं माणूस अचानक पेंगायला लागलं, तर वयाला दोष देण्याआधी त्याची औषधं बघा, असं आमच्या शिक्षिका सांगतात. आणि त्याच सुमारास बाबा व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता डुलक्या घ्यायला लागले. वर्तमानपत्रातल्या चुका लाल पेनानं काढणारा माणूस, मला ओळखायला वेळ लावत होता. तू म्हणालास, "वय झालंय गं." माझ्या मनात पाल चुकचुकली.

म्हणून न कळवता आले. तुला वाटलं, माहेरची ओढ. आधी मला बाबांना सांभाळणाऱ्या बाईंचाच संशय आला. त्या माझी नजर चुकवायच्या, औषधांच्या डब्याला हात लावला की धावत यायच्या. मी त्यांच्या मागेमागेच राहिले. शेवटी त्या रडकुंडीला आल्या. "ताई, माझ्यावर पाळत कशाला? आजोबांचा सकाळचा चहा दादा स्वतः करतात. मला कपाला हातही लावू देत नाहीत."

काल सकाळी मी पडद्याआड उभी होते. तू चमच्यानं गोळी चुरलीस, चहात ढवळलीस आणि बाबांना पोळू नये म्हणून फुंकर घातलीस. ती फुंकर पाहिली नसती, तर तुझ्या अंगावर धावून आले असते. त्याऐवजी धक्का लागल्याचं सोंग करून कप सांडला. "धांदरटच राहिलीस," म्हणालास.

मग गोळ्यांचं पाकीट घेऊन बाबांच्या डॉक्टरांकडे गेले. ती झोपेची गोळी त्यांनी दिलेलीच नव्हती. एकदम बंद करू नका, हळूहळू कमी करू, म्हणाले. बाबा एकदा एकटेच घराबाहेर पडून गाड्यांच्या मध्ये सापडले होते, हे मात्र बाईंनी सांगितलं. तू मला का नाही सांगितलंस रे?

तू कामावर आहेस, तोवर हे लिहितेय. बाबांना मी माझ्याकडे नेतेय. तू घाबरला होतास, हे कळतं मला. पण म्हणून जागं माणूस निजवून ठेवायचं? आज चहा मी केला, आणि अर्ध्याच गोळीवर ते किती बोलताहेत! गाडी दारात आली आहे आणि ते उंबऱ्यावर अडून बसलेत. म्हणतात, "धाकटा येऊ दे. त्याला न सांगता कसं निघायचं?" गुंड्या, त्यांना काय सांगू?

रागावलेली, तरी तुझीच,
ताई