चार दिवस माहेरी गेलं तर

पुणे,
३ नोव्हेंबर २०२५

ती. यशोधरा मावशीस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तू फोनवर भाकरी थापता थापता बोलतेस आणि निम्मं बोलणं गडावरच्या वाऱ्यात जातं, म्हणून आपली पत्रंच बरी. भिमाजीकाकांचा गुडघा कसा आहे? लोहगडवाडीत शनिवार-रविवारची गर्दी वाढली असेल. तुझ्या टपरीवरचा ठेचा आठवला की इथलं मेसचं जेवण घशाखाली उतरत नाही.

आता जरा ऑफिसचं. जनगणनेचा अर्ज लोकांनी आपला आपण मोबाइलवर भरायचा, तर त्यात काय नि कसं विचारावं, याचा नमुना करायचं काम आमच्या छोट्या संस्थेकडं आलंय. आमचे एकेचाळीस प्रश्न झाले. लोक विसाव्यापर्यंत येतात आणि मोबाइल खिशात टाकतात! आमच्या सविता मॅडम म्हणतात, पंचवीसवर आणा. मी म्हणते, कमी विचारलं तर चित्र खोटं उतरेल. रोज भांडण. पुढच्या आठवड्यात तुमच्या वाडीत चाचणी आहे. आम्हाला कुणाचं नाव दिसत नाही, नुसती बेरीज दिसते. तेव्हा बिनधास्त भरा आणि कुठं कंटाळा आला ते मला खरंखरं लिही. माझी भीड ठेवू नकोस. तशी तू कधी ठेवली आहेस म्हणा!

लोभ आहेच, तो तुझ्या भाकरीसारखा टम्म फुगत राहावा.

तुझी लाडकी (असं मीच म्हणते),
ज्योत्स्ना


लोहगडवाडी,
१२ नोव्हेंबर

चि. ज्योत्स्नास,
मावशीचे पोटभर आशीर्वाद.

काकांचा गुडघा बरा हाय. जीभ त्याहून बरी हाय.

तुझा अर्ज भरला बाई एकदाचा! हितं रेंज येती ती टपरीमागच्या जांभळीखालीच. तुझे काका तितं मोबाइल धरून उभे, मी चुलीपाशी, आणि ते तितनं वरडून इचारनार. भिंत कशाची, छप्पर कशाचं, पानी कुटनं आनता, मुख्य धान्य कंचं. मी म्हनलं, मावळात ऱ्हाऊन भात न्हाई तर काय खानार? तेवढ्यात पोरांचा घोळका गडावरनं उतरला, बारा ताटं पिठलं-भाकरी. प्रश्न काय संपंनात. पंचविसाव्याला माजं पिठलं खाली लागलं. आता कळव तुझ्या मॅडमला, कंटाळा कुटं आला ते!

मग कामाचं आलं. काकांनी इचारलं, तू काम करतीस का. मी म्हनलं, न्हाई. त्यांनी दाबलं. न्हाई दाबलं की पुढचे पाच प्रश्न गायब हुत्यात, म्हनून दोघंबी लय खूश झालो. शेजारच्या कस्तुराबाईला मीच ही युक्ती सांगितली.

वेळेवर जेव. माया हाय ती हायच, लिवायला काय पायजे?

तुझी मावशी,
यशोधरा


पुणे,
१६ नोव्हेंबर

ती. मावशीस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचून कपाळावर हात मारून घेतला. अगं, तू काम करत नाहीस? मग ती बारा ताटं काय गडानं रांधली? भात कोण कापतं? टपरी कोण उघडतं?

आज बेरीज हाती आली. तुमच्या वाडीतल्या बत्तीस बायकांपैकी सत्तावीसजणींपुढं ‘काम करत नाही’. म्हणजे लोहगडवाडीच्या बायका पायावर पाय टाकून बसलेल्या असतात! आधी मी खूप हसले. मग मावशी, खरंच रडू आलं. बारावीपर्यंत मला ज्या हातांनी जेवू घातलं, ते हात कागदावर रिकामे.

चूक तुझी नाही, आमची आहे. ‘न्हाई’ म्हटलं की सुटका, अशी वाट आम्हीच करून ठेवली. सहा प्रश्न खोदून खोदून विचारले तर खरं बाहेर येतं, पण तोवर पिठलं लागतं! मॅडमनी मला महिनाअखेरपर्यंत मुदत दिलीय. सहांच्या जागी एकच चांगला प्रश्न द्यायचा, नाहीतर नुसतं ‘काम करता का’ एवढंच राहणार. म्हणजे तू कायमची बिनकामाची. मला काही सुचत नाही. वाडीतल्या बाईला एका वाक्यात काय विचारलं म्हणजे ती खरं सांगेल?

लवकर लिही. तुझ्या पत्रावर माझी भिस्त आहे.

तुझी,
ज्योत्स्ना


लोहगडवाडी,
२० नोव्हेंबर

चि. ज्योत्स्नास,
मावशीचे आशीर्वाद.

रडतीस कशाला, येडी कुठली! मला मात्र राग आला, आणि तोबी माजाच. आगं, काम म्हंजी लोनावळ्याला कामाला जानं, आसंच आमच्या डोक्यात. घरचं ते करायचंच आसतं, त्याला कोन काम म्हनतंय?

काल भाताच्या झोडनीला आमी आठजनी होतो. तुमी काय काम करता, आसं मी इचारलं. एक म्हनली, काय न्हाई बाई, घरीच आसते. हातात भाताची पेंढी, आणि म्हनं घरीच! मग माज्या तोंडातनं निघून गेलं, बायांनो, चार दिस माहेरी गेलात तर हितं काय अडंल? बया बया, काय तो कलकलाट! कस्तुराबाई म्हनली, म्हशीची धार ऱ्हाईल, ती दुसऱ्याला हात लावू देत न्हाई. एकीची चिक्कीची पाकिटं भरायची ऱ्हात्यात, एकीची दोन बंगल्यांची झाडलोट. झोडनी बाजूलाच ऱ्हायली. कुनालाबी दुसऱ्यांदा इचारावं लागलं न्हाई.

ह्यो घे तुझा प्रश्न. पुरुषांना माहेर नसतं बिचाऱ्यांना, त्यांच्यासाठी ‘चार दिस घरी नसलात तर’ आसं कर.

आणि मी उद्या वलवणला निघाले, माज्या माहेरी, मोजून चार दिस. तुझे काका म्हनले, जा की, हितं काय अडतंय? उचलली जीभ लावली टाळ्याला! आता बघतेच.

मला मनात धरलीयस, तशीच धरून ऱ्हा.

तुझी मावशी,
यशोधरा


लोहगडवाडी,
५ डिसेंबर

चि. ज्योत्स्नास,
भिमाजीकाकांचे आशीर्वाद.

मला पत्राची सवय न्हाई, गोड मानून घे. मॅडमनी प्रश्न मंजूर केला, हे तुझ्या फोनवरनं कळलं. त्या दिवशी तुझ्या मावशीनं टपरीवर आल्या-गेल्याला फुकट ताक पाजलं.

ती वलवणला गेलती तवाचं सांगतो. शुक्रवारी माजी भाकरी तव्याला जी चिकटली ती उलथन्यानं खरवडून काढली. शनिवारी चाळीसएक मानसं उपाशी परत गेली. कोंबड्या खुराड्यात जाईनात, अंधार पडंपातुर मी त्यांच्यामागं, ह्या गुडघ्यानं! रविवारी टपरीला फळी लावली आणि तिला आनायला वलवणला गेलो. चार दिस काय झालेच न्हाईत. मला बघून ती पिशवी भरायला लागली.

काल नवा अर्ज आला. ह्या बारीला धा मिनटात झाला. तिच्या नावापुढं मी टपरी लिवली, भात लिवला, कोंबड्या लिवल्या, आजून लिवत होतो तर चौकटीत जागा संपली. ती मोठी कर बाई. मागल्या बारीला ‘न्हाई’ तिनं म्हनलं खरं, पर दाबलं मी. तीस वर्सं डोळ्यांनी बघून दाबलं. त्याचं मला लय वाईट वाटलं, आणि ते तिला सांगितलंबी.

मग माजं नाव आलं. तुमी चार दिस घरी नसलात तर काय अडंल? सरपन मी आनतो, पर तीबी आनती. पानी तसंच. शेवटी तिलाच हाक मारून इचारलं. ती पोट धरून हसली, डोळ्यांतनं पानी येईपातुर. मग म्हनली, आवो, मी भांडू कुनाशी?

तेच लिवलंय. मोबाइलनं हिरवी टिक दाखवून मान्यबी केलं.

तुझा काका,
भिमाजी