पूजाच्या नावापुरती मोकळी जागा

कट्टा, १२ एप्रिल

ती. काशीआत्यास,

कौस्तुभचा सा. न. घे आणि पुढचं शांतपणे वाच. तसंही तुला सध्या शांतच राहायचं आहे.

घशाचं ऑपरेशन नीट झालं, असं काकांनी फोनवर सांगितलं. महिनाभर तू बोलायचं नाही, हे सांगताना त्यांचा आवाज जरा जास्तच खुशीत वाटला. मोबाइलवर तू काही टाइप करणार नाहीस हे ठाऊक आहे, म्हणून हे पत्र.

आपल्या पूजाची हळद सात मेला. घरात एकच प्रश्न, ओव्या कोण म्हणणार? या घरातली एकही हळद तुझ्या ओव्यांशिवाय झालेली नाही. बाबा म्हणतात, यंदा ओव्यांशिवायच होऊ दे.

मी एक उपाय काढलाय. तुझ्या शर्मिलाच्या हळदीत तू म्हटलेल्या ओव्या माझ्या मोबाइलवर आहेत. आवाज कापायचं-जोडायचं एक साधं, फुकटचं सॉफ्टवेअर मिळतं. त्यात पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात; वरच्या पट्टीत तुझा आवाज ठेवायचा, खालच्या पट्टीत पेटी आणि ढोलकी. एक नमुना शर्मिलाताईच्या मोबाइलवर पाठवलाय. ऐक आणि लिही.

रागावू नकोस, लोभ ठेव.
तुझा कौस्तुभ

मालवण, १६ एप्रिल

चि. कौस्तुभ यास,

अ. आ. तोंडाने देता येत नाहीत, म्हणून हाताने लिहून देते.

तुझे काका खुशीत आहेत हे खरंच. बाजारातून शिळे बांगडे आणतात आणि ताजे म्हणून सांगतात. मला भांडता येत नाही.

नमुना ऐकला. मी पाण्याच्या टाकीत बसून ओव्या म्हणते आहे की काय? आणि ढोलकी अशी, की नवरी हळदीच्या पाटावरून उठून नाचायला लागेल. शिवाय प्रत्येक ओवीत शर्मिलाचं नाव. पूजाच्या सासरची कसालची माणसं विचारतील, आमची नवरी नक्की कोणती?

आता एक गोष्ट, तुझ्यापुरती. डॉक्टर म्हणाले, बोलणं परत येईल, गाण्याचं सांगता येत नाही. शर्मिलालाही मी हे कळू दिलेलं नाही. त्यामुळे तुझ्या मशीनमधून माझा तो जुना आवाज आला तेव्हा रडू येतंय की राग, तेच मला कळेना. तू काम थांबवू नकोस. फक्त ढोलकी आवर.

आईबाबांना नमस्कार. माया आहेच.
काशीआत्या

कट्टा, २१ एप्रिल

ती. आत्ये,

सा. न. तू सांगितलेलं माझ्यापाशीच राहील.

टाकीचं कारण सापडलं. रेकॉर्डिंगमधली पंख्याची घरघर तेवढी निवडून मी सॉफ्टवेअरला सांगितलं, हा कचरा आहे, सगळीकडून काढ. त्याने पंख्याबरोबर तुझा आवाजही थोडा झाडून नेला. आता घरघर थोडी राहू दिली आहे, तू मात्र तूच वाटतेस. ढोलकी अगदी मागे ढकलली.

नावाचा घोळ मोठा. शर्मिलाताईचं नाव कापून तिथे पूजाचं बसवायचं, तर तुझ्या आवाजातली ‘पूजा’ हवी. म्हणून व्हॉट्सॲपवर तू बोलून पाठवलेले जुने निरोप धुंडाळले. त्यात तू तिला पुष्कळदा हाक मारतेस, पण रागाशिवाय एकदाही नाही. एकात गॅस बंद करायला सांगतेस, एकात केस बांधायला. त्यातल्या त्यात मऊ हाक ओवीत बसवली, तर हळद लावतालावता नवरीला कोणी धपाटा घालतंय असं वाटलं. पूजाला ऐकवलं, तर ती बसल्या जागी केस सावरायला लागली.

काय करू ते कळव. तुझ्या उत्तराची वाट बघतोय.
कौस्तुभ

मालवण, २६ एप्रिल

चि. कौस्तुभ यास,

अ. आ. पत्र वाचून हसले, पण आवाज न करता. ते फार कठीण असतं.

ते रागाचं नाव काढून टाक आणि तिथे दुसरं काही बसवू नकोस. ढोलकी चालू राहू दे, नावापुरती जागा मोकळी ठेव. मी डॉक्टरांना कागदावर लिहून विचारलं, भाचीचं नाव तेवढं घेऊ का? ते म्हणाले, तेवढं घ्या, वर गाणं नको. आवाज फुटला नाही तर माझी फजिती होईल, तुझी नाही.

पूजाला आधी सांगू नकोस.
तुझी काशीआत्या

कसाल, १५ मे

ती. काशीआत्यास,

पूजाचा सासरहून पहिला सा. न.

हळदीच्या गर्दीत बोलणं झालं नाही, म्हणून लिहिते. कौस्तुभदादाने ओव्या लावल्या तेव्हा तुझा तो खणखणीत आवाज ऐकून बायका जवळ सरकल्या. मी तुझ्याकडे बघतच नव्हते. मग नावाशी आवाज थांबला, नुसती ढोलकी वाजत राहिली. मला वाटलं दादाचं काही चुकलं. तेवढ्यात तू उभी राहून ‘पूजा’ म्हणालीस. आवाज घोगरा, अर्धा वाराच. सुरात होता की नाही ते मला सांगता येणार नाही, माझ्या डोळ्यांत हळद गेली होती.

दुसऱ्या ओवीला तुझे नुसते ओठ हलले. तेव्हा नाव आईने घेतलं. पुढे शर्मिलाताईने, मग सगळ्याच बायकांनी. दादाने हळूच मशीन बंद केली ते कोणाला कळलंही नाही. शब्द आठवत नव्हते तिथे सगळ्या नुसत्या गुणगुणत होत्या. शेवटी तू माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, “माका बरा वाटला गो.”

तुझे डॉक्टर काय म्हणाले असतील ते मला तुझ्या ओठांकडे बघून कळलं. दादाने सांगितलेलं नाही, त्याला ओरडू नकोस.

माझ्यावर अशीच माया राहू दे.
पूजा

मालवण, १९ मे

चि. सौ. पूजा हिस,

अ. आ. माझा आवाज पूर्वीसारखा येणार नाही. हे आता मोठ्याने म्हणता येतं, कारण म्हणण्यापुरता तो आला आहे. चार दिवस वाईट वाटलं. अजूनही संध्याकाळी वाटतं.

पण हळदीत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आपल्या बायकांना ओव्यांचे शब्दच येत नाहीत. येणार कसे? मी कधी दुसऱ्या कोणाला म्हणूच दिल्या नाहीत. तेव्हा सुटीच्या दिवशी कसालहून एसटीने येत जा. मी हळू सांगेन, तू मोठ्याने म्हण. पहिल्या दिवशी बेसूर होशील आणि मी हसेन. हसायला डॉक्टरांची बंदी नाही.

सासूबाईंना विचारून ये, आणि त्यांना यायचं असेल तर त्यांनाही घेऊन ये. लोभ पत्रातून पाठवत नाही, तो घ्यायला तू इथे ये.

तुझी काशीआत्या