सीतादहीचे बोलावणे

अकोला, कार्तिक शुद्ध ९, शके १७८६

रा. रा. खुशालराव यांसी नथुजीचा रामराम वि. वि. तुमच्या बहिणीचे गुडघे सोडून इकडील सर्व क्षेम आहे.

भाऊबिजेला आलात, मैनाबाईकडून ओवाळून घेतलेत आणि जाताना आमच्या जमुनेला चार दिवसांचे माहेरपण म्हणून गाडीत घालून नेलेत. भाची मामाकडे गेली यात कोणाला बोट दाखवता येत नाही. पण चार दिवस केव्हाच सरले. काल तिच्या सासूबाई पार्वताबाई स्वतः आल्या होत्या. गळ्यात नवे सोने इतके, की उंबरा ओलांडताना आवाज झाला. म्हणाल्या, आमच्या उत्तमरावाने बायकोवर कधी बोटसुद्धा उगारले नाही. दोन वेळचे जेवण आहे, हातात पाटल्या आहेत, मग सुनेले दुखते तरी कोठे?  उत्तर तुम्हांजवळ असल्यास कळवावे.

कापसाचा भाव चढल्यापासून जावयांचे नाव चारचौघांत झाले आहे. त्यांनी दमणीच्या चाकांना चांदीची धाव बसवली. ती चिखलात रुतते, हा भाग निराळा. नवरा अबोला धरतो एवढ्यावरून कोणी असे घर सोडते काय? मीही तुमच्या बहिणीशी कित्येकदा बोलत नाही. ती म्हणते, तुमचे ते न बोलणे आणि जावयाचे हे न बोलणे यांत फरक आहे. बायकांचे सोडा. पोरीला लौकर पोचती करावी. आमच्यावरील लोभाचा भाव मात्र उतरू देऊ नये.

नथुजी

———

अमरावती, कार्तिक शुद्ध १४

रा. रा. नथुजी भाऊजी यांसी खुशालरावाचे सा. न. वि. वि. पत्र पावले. आडत जोरात आहे. अमरावतीत सध्या शिंकणाऱ्याच्या नाकातूनही सरकी पडते.

विहीणबाईंच्या प्रश्नाचे उत्तर पाठवतो. पहिल्याच दिवशी मी ओसरीवरून जमुना अशी हाक मारली. पोरीने मागे वळून पाहिले. मागे भिंत होती. मला वाटले, मामाची थट्टा करते. दुसऱ्या दिवशीही तेच. मामीने खोदून विचारले तेव्हा कळले, की वैशाखातल्या आखाजीपासून त्या घरात तिला कोणी नावाने हाकच मारलेली नाही. जावईबापू बोलतात ते बैलाशी. ही ताट घेऊन उभी असते आणि ते गोठ्याकडे तोंड करून विचारतात, का रे ढवळ्या, आपल्या घरात मीठ महाग झालं का? पाहुणे हसतात. पार्वताबाई सर्वांत आधी हसतात. त्यावर ही हसली तर निर्लज्ज, रडली तर अवदसा, आणि गप्प राहिली तर, पाहा म्हणे, कसा धोंडा बांधला आमच्या गळ्यात!

भाऊजी, दुखते ते इथे. तुमचे घर तिच्या सासरापासून दोन गल्ल्यांवर. तिथे ती दोनदा आली होती आणि दोन्ही वेळा तुम्ही तिला गूळपाणी देऊन परत पोचवलीत. गूळ चांगला होता, असे ती म्हणते.

आता बरी आहे. काल मामीला तोंडावर म्हणाली, की वड्यांत मीठ कमी आहे. एवढी छाती या घरात मला आजवर झाली नाही. मी होऊन तिला धाडणार नाही. ती स्वतः जाते म्हणाली, तर गाडी जुंपून देईन. आपल्या कुणब्यांच्या घरांत काडी मोडून बाई मोकळी होते, मनात आले तर पाट लावून दुसरे घरही करते, हे वाडवडिलांपासून चालत आले आहे. भाव चढल्यापासून सगळेच एकाएकी देशमुख झाले, त्याला माझा इलाज नाही. आक्काच्या गुडघ्यांना दंडवत. रागवावे, पण माया पातळ करू नये.

खुशालराव

———

अकोला, कार्तिक वद्य ४

रा. रा. खुशालराव यांसी नथुजीचा रामराम वि. वि. काडीमोडीसारखे शब्द पत्रात पुन्हा लिहू नयेत. टपालात चार हात लागतात, त्यांतले दोन आमच्या ओळखीचे असतात.

इकडे निराळाच घोटाळा झाला आहे. उत्तमरावांचे कापसाचे शेत पांढरेफटक फुटले असून वेचणी अडली आहे. तुम्हांस ठाऊकच आहे, पहिल्या वेचणीला घरच्या सवाष्णीने सीतादही करायचे. तिने शेतात दहीभात शिंपडून पहिले बोंड ओटीत घेतल्याशिवाय वेचणाऱ्या बाया पऱ्हाटीला हात लावत नाहीत. पार्वताबाई विधवा, सून तुमच्याकडे. जावयांनी शेजारची एक सून नटवून नेली. वेचणाऱ्यांची म्होरकी गोदाबाई, म्हातारी झाली तरी जीभ तरणी, ती शेताच्या धुऱ्यावरच बसकण मारून म्हणाली, दही घरचं, भात घरचा, मंग सून काहून उसनी आणली? आणि सगळ्या बायांना घेऊन शेजाऱ्याच्या वावरात गेली. यंदा वेचणारणीला कोण काय म्हणणार? मालक तिच्या मागे फिरतात.

म्हणून उत्तमराव स्वतः दमणी जुंपून तुमच्याकडे निघाले आहेत. जावयाचा मान राखावा. जमुनेने निमूट परत यावे, झाले गेले विसरावे, असे माझे म्हणणे आहे.

पुढचे शब्द तुमच्या बहिणीचे. ती समोरून हलत नाही म्हणून लिहितो: खुशाल, पोरीले इचारल्याबिगर धाडू नको. तिचा बाप लोकाले भेतो, मी नाही भेत. हे माझे म्हणणे नव्हे. अक्षर तेवढे माझे. आमची आठवण असू द्यावी.

नथुजी

———

अमरावती, कार्तिक वद्य ११

रा. रा. नथुजी भाऊजी यांसी खुशालरावाचे सा. न. वि. वि. जावयाचा मान त्यांच्याच घरच्या रीतीने राखला.

आले, ओसरीवर बसले, आणि जमुना समोर उभी असता खांबाकडे पाहून म्हणाले, घरात सांगा, निघायचं आहे. मी खांबाला विचारले, का रे बाबा, कोणी बोललं काय? तेव्हापासून आमच्या घरात पाहुण्याशी कोणी बोलेना. त्यांनी पाणी मागितले तेव्हा मामीने मांजरीला कळवले, की कोणाला तरी तहान लागली आहे. जेवताना मी गायीला विचारले, का गं कपिले, अकोल्याकडे भुरके मारूनच जेवतात का? गडी हसले. मामी सर्वांत आधी हसली. दुसऱ्या दिवशी दुपारी जावईबापूंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. म्हणाले, मामा, माणसाशी माणसावाणी बोला ना! मी म्हटले, भाचीही तेच म्हणून राहिली.

तेव्हा जमुना पुढे झाली. म्हणाली, मले नावानं हाक मारा आन् इचारा, सगळ्यांसमोर. त्यांनी मान खाली घालून विचारले, जमुना, सीतादहीले येतं का? आणि ती येते म्हणाली! माझ्या हातातला अडकित्ता पडला. आत नेऊन विचारले तर म्हणते, मामा, त्या बायांचं काम काहून अडवू? दही मी लावीन. हे वाटेनं माह्याशी बोलतात का, तेवढंच मले पाहाचं हाय.

काल निघाली. वाट लांब आहे. बोलायचेच असेल, तर माणसाला तेवढी पुरते. चांदीच्या चाकापेक्षा टपालाचा हरकारा लौकर पोचेल, म्हणून लिहितो: शेतात तुम्ही हजर राहावे. गूळ नेऊ नये. आपुलकी आहे म्हणूनच टोचतो, हे जाणून घ्यावे.

खुशालराव

———

अकोला, मार्गशीर्ष शुद्ध ३

रा. रा. खुशालराव यांसी नथुजीचा रामराम वि. वि. शेतात गेलो होतो. गूळ नेला नव्हता.

पंच, शेजारीपाजारी, सगळे जमले होते. जमुनेने दहीभात शिंपडला, सीतामाईला हात जोडले, पहिले बोंड आपल्या ओटीत घेतले आणि दुसरे गोदाबाईच्या ओटीत घातले. बाया पऱ्हाटीत शिरल्या. जावयांचा जीव भांड्यात पडला. लगेच बैलाकडे वळून म्हणाले, चाल रे ढवळ्या, रुसणाऱ्याचं रुसणं सरलं. मंडळी हसली. खोटे कशाला लिहू, सवयीने माझेही तोंड हसायला उघडले होते. तेवढ्यात पोरीकडे लक्ष गेले, आणि ते तसेच उघडे राहिले.

तिने वाकून पऱ्हाटीची एक वाळली काडी तोडली आणि पंचांसमोर मोडली. म्हणाली, अमरावतीहून इथवर हे बैलाशीच बोलत आले. आता संसारही त्याच्याशीच करा म्हना. पार्वताबाई कडाडल्या, आमच्या घराण्यात काडीमोड होत नाही! त्यावर गोदाबाई वेचता वेचता, मान वर न करता म्हणाली, पार्वताबाई, तुमी सोता या घरात पाटानं आल्या ना? म्या तर लाडू खाल्ले होते. सगळ्या वावरात हशा पिकला. पंचांतल्या एका म्हाताऱ्यालाही ते लाडू आठवले.

मग मला विचारण्यात आले, पोरीच्या बापाचे काय म्हणणे आहे. गल्लीतले सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हटले, पोरीचं घर दोन गल्ल्यांवर आहे, आणि दार उघडं आहे. ते वाक्य मैनाबाईने शिकवले होते असे ती सांगत फिरते. खोटे आहे. अर्धेच शिकवले होते.

पंचांनी फारकत मान्य केली. जमुनेने पाटल्या तिथेच उतरवून दिल्या. हात हलके झाले म्हणते. लोक बोलतात, तेवढ्याने माझे जेवण मात्र अजून सुटलेले नाही. शेतातून निघाल्यापासून पोरगी जी बोलते आहे, ती थांबत नाही. मामीचे वडे, तुमची कपिला, मांजर, सगळे मला पाठ झाले. दुपारची झोप गेली. मी एकदाही गप्प बस म्हटले नाही, आणि याला तुमची बहीण साक्षी आहे.

आज सकाळी अंगणातून जमुना अशी हाक मारली. तिच्या मागे भिंतच होती. तिकडे तिने पाहिले नाही. सरळ माझ्याकडे पाहून म्हणाली, काय म्हन्ता बाबा? मला काही म्हणायचे नव्हते. नुसती हाक मारून पाहिली होती.

तुमचा लोभ पुरून उरला. ओसरीवरच्या खांबास आमचा रामराम सांगावा.

नथुजी